प्रोजेक्ट विकून पैसे आलेत, छोट्या एक्स्प्लोरेशन कंपनीने डिव्हिडंड द्यावा का? (एजीएम तोंडावर आहे)

वृषाली_सरे

नमस्कार मंडळी. मी व्हँकुव्हरजवळ सरेला राहते. इथे मायनिंगवाले, सीए वगैरे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

माझ्याकडे एका छोट्या मिनरल एक्स्प्लोरेशन कंपनीचे शेअर आहेत, टीएसएक्स व्हेंचरवर (कॅनडातला छोट्या कंपन्यांचा शेअर बाजार) लिस्टेड, ऑफिस डाउनटाउनला, माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी. नाव टाकत नाही. घेतले तेव्हा त्यांच्याकडे उत्तरेकडचे काही क्लेम्स (जमिनीत खनिज शोधायचे हक्क) आणि ड्रिलिंगचा प्लॅन एवढंच होतं, खाण नाही, विक्री नाही, एक डॉलरचं उत्पन्न नाही. मग जवळपास दरवर्षी नवीन प्रायव्हेट प्लेसमेंट (ठरावीक लोकांना थेट शेअर विकणं), दरवेळी नवे शेअर आणि सोबत वॉरंट (पुढे ठरलेल्या भावात आणखी शेअर घ्यायचा हक्क), त्यामुळे माझा हिस्सा पातळ होत गेला, पण मी धरून बसले कारण ड्रिलिंगचे रिझल्ट खरंच चांगले येत होते.

गेल्या वर्षी त्यांनी तो मुख्य प्रोजेक्ट एका मोठ्या कंपनीला विकला. थोडी कॅश, थोडे त्या कंपनीचे शेअर, आणि १ टक्का एनएसआर रॉयल्टी (खाण झाली तर तिच्या विक्रीतून शुद्धीकरण वगैरे खर्च वजा जाता मिळणारा हिस्सा) स्वतःकडे ठेवली. मला वाटलं आता तरी शेअरहोल्डरांच्या हातात काहीतरी पडेल. परवा एजीएमचे कागद आले, त्यात डिव्हिडंड पॉलिसी म्हणून एकच वाक्य, की कंपनीने स्थापनेपासून डिव्हिडंड दिलेला नाही, नजीकच्या काळात द्यायचा विचार नाही, सगळा पैसा एक्स्प्लोरेशनसाठी राखून ठेवू. हे वाक्य मी शेअर घेतले तेव्हाही अक्षरशः असंच होतं! तेव्हा बँकेत फारसं काही नव्हतं, आता आहे, तरी वाक्य तेच.

सासरे पुण्यात आयुष्यभर बँकेत होते, ते म्हणतात जी कंपनी डिव्हिडंड देत नाही तिचा शेअर म्हणजे नुसता कागद. नवरा म्हणतो एक्स्प्लोरेशन कंपनीकडून डिव्हिडंडची अपेक्षाच चुकीची आहे. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. अशा कंपनीची डिव्हिडंड पॉलिसी मुळात असायला काय हवी? आणि मी, एक छोटी शेअरहोल्डर, एजीएमला नेमकं काय विचारू शकते?

ड्रिलकोअर_पर्थ

वृषालीताई, मी जिऑलॉजिस्ट आहे, ऑस्ट्रेलियात छोट्या एक्स्प्लोरेशन कंपन्यांबरोबरच काम करतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो.

आधी तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. प्रोजेक्ट विकायच्या आधीच्या काळापुरतं ते शंभर टक्के बरोबर आहे. एक्स्प्लोरेशन कंपनीत पैसा येतो कुठून तर शेअर विकून. म्हणजे अशा कंपनीने रेग्युलर डिव्हिडंड दिला तर तो तुमच्याच खिशातून प्लेसमेंटमध्ये आलेला पैसा असतो, मधे ब्रोकरचं कमिशन गेलं, वकिलाची फी गेली, आणि वर डिव्हिडंडवर तुम्ही टॅक्स भरणार. त्याला काही अर्थ नाही. पैसा जमिनीत गेला पाहिजे, म्हणजे ड्रिलिंगमध्ये, तिथेच त्याची किंमत वाढायची शक्यता असते. आणि ती शक्यताही कमी असते हे लक्षात ठेवा, बहुतेक प्रोजेक्ट कधीच खाण होत नाहीत.

मग शेअरहोल्डरला पैसे मिळतात कसे? क्विबेकमधलं एलेओनोर बघा. व्हर्जिनिया गोल्ड माइन्स नावाच्या छोट्या कंपनीला २००४ मध्ये जेम्स बे भागात ते सोनं सापडलं. २००६ मध्ये गोल्डकॉर्पने प्रोजेक्ट घेतला, पण पैसे कंपनीच्या तिजोरीत जाऊन बसले नाहीत. व्हर्जिनियाच्या शेअरहोल्डरांना थेट गोल्डकॉर्पचे शेअर मिळाले, आणि बाकीचे क्लेम्स, टीम आणि एलेओनोरवरची रॉयल्टी एका नव्या कंपनीत, व्हर्जिनिया माइन्समध्ये, गेली आणि तिचेही शेअर त्यांनाच मिळाले. ती खाण कमर्शियल प्रोडक्शनला आली २०१५ मध्ये! म्हणजे शोध लागल्यापासून दशक उलटून गेलं. त्याच वर्षी ओसिस्को गोल्ड रॉयल्टीजने व्हर्जिनिया माइन्स घेतली ती मुख्यतः त्या रॉयल्टीसाठी. नियमित डिव्हिडंडची वाट न बघताही लोकांना मोबदला मिळाला, कारण डीलची रचनाच तशी केली होती.

तुमच्या केसमध्ये उलटं झालंय. प्रोजेक्ट विकला पण मोबदला कंपनीत थांबला. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न "डिव्हिडंड का देत नाही" असा नाहीच, "विकून आलेल्या पैशाचं काय करायचं हे विकायच्या आधी का ठरवलं नव्हतं" असा आहे. अशा कंपनीला दर तिमाहीच्या डिव्हिडंडची पॉलिसी लागत नाही, तिला विक्रीच्या दिवसाची पॉलिसी लागते. एवढा भाग वाटणार, एवढा नव्या कामाला ठेवणार, हे आधी लिहून ठेवलेलं. पैसा आल्यावर ठरवायला बसलं की ऑफिस मोठं होतं, पगार वाढतात, आणि कुठल्या तरी देशात नवीन क्लेम्स घेतले जातात. बाजार तापलेला असताना घेतलेले असतील तर महागच मिळतात.

इथे एएसएक्सवर (ऑस्ट्रेलियाचा शेअर बाजार) एक चांगली सोय आहे. उत्पन्न नसलेल्या एक्स्प्लोरेशन कंपनीला दर तिमाहीला अपेंडिक्स ५बी भरावा लागतो, त्यात ड्रिलिंगवर किती, ऑफिस आणि पगारावर किती, डायरेक्टर आणि त्यांच्याशी संबंधित लोकांना किती दिले, आणि उरलेला पैसा किती तिमाही पुरेल हे सगळं येतं. दोन तिमाहींपेक्षा कमी पुरणार असेल तर पुढे काय करणार याचं उत्तरही द्यावं लागतं. कॅनडात अगदी तसा फॉर्म नाही, पण एमडी अँड ए (हिशेबासोबत मॅनेजमेंट देते ते विवेचन) वाचलात तर हेच आकडे मिळतील. गेल्या काही वर्षांत प्रत्येक डॉलरमधले किती सेंट जमिनीत गेले ते काढा. निम्म्याच्या खाली असेल तर मी अशा मॅनेजमेंटच्या हातात विक्रीचे पैसे ठेवणार नाही.

पुणेरी_सीए

ड्रिलकोअर छान लिहिलंत. मी कायद्याचं थोडं घालतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की बोर्डाच्या मनात आलं की डिव्हिडंड देता येतो, आणि देशागणिक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भारतात कंपनी कायदा २०१३ चं कलम १२३. डिव्हिडंड फक्त नफ्यातून, चालू वर्षाच्या किंवा आधीच्या साठलेल्या, घसारा वजा करून. आणि मागचा तोटा आधी चालू नफ्यातून वळता करायचा, त्याशिवाय डिव्हिडंड नाही. एक्स्प्लोरेशन कंपनी म्हणजे वर्षानुवर्षं तोटाच तोटा, त्यामुळे इथेच गाडी अडते. बरं, लोकांकडून प्रीमियमवर उचललेला पैसा सिक्युरिटीज प्रीमियममध्ये जातो, त्याचा वापर कशासाठी करायचा ते कलम ५२ मध्ये ठरलेलं आहे, बोनस शेअर, बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) वगैरे, रोख डिव्हिडंड त्यात बसत नाही. नफा नसताना साठलेल्या रिझर्व्हमधून द्यायचा एक मार्ग आहे पण त्याला इतक्या अटी आहेत (दर मागच्या ३ वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्त नको, काढायची रक्कम भांडवल आणि फ्री रिझर्व्हच्या एक दशांशाच्या आत, वगैरे) की ज्या कंपनीने कधी नफाच पाहिला नाही तिला तो निरुपयोगी. सेबीची डिव्हिडंड पॉलिसी जाहीर करायची सक्तीसुद्धा मार्केट कॅपने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांनाच आहे, छोटी कंपनी त्यात सहसा नसते. आपल्याकडे बीएसईवरची डेक्कन गोल्ड माइन्स बघा, हावेरीचं गणजूर, कर्नूलचं जोन्नागिरी, शोध ते खाण या प्रवासात किती वर्षं जातात ते त्यांच्या शेअरहोल्डरांना विचारा.

आता तुमचा कॅनडा. तिथे कंपनी कुठल्या कायद्याखाली रजिस्टर आहे ते आधी बघा. ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्यात नफ्याची अटच नाही, कंपनी देणी वेळेवर फेडू शकते ना आणि डिव्हिडंड दिल्यावरही फेडू शकेल ना एवढंच बघतात. फेडरल कायद्यात, म्हणजे सीबीसीएत, आणखी एक चाचणी आहे, की डिव्हिडंडनंतर मालमत्तेची विक्रीयोग्य किंमत ही देणी अधिक स्टेटेड कॅपिटल यांच्या बेरजेपेक्षा कमी राहता कामा नये. इथे जुन्या एक्स्प्लोरेशन कंपन्या अडकतात, कारण आजपर्यंत शेअर विकून जमवलेला सगळा पैसा स्टेटेड कॅपिटलमध्ये दिसतो आणि त्यातला बराचसा ड्रिलिंगमध्ये संपलेला असतो. मग आधी विशेष ठरावाने स्टेटेड कॅपिटल कमी करावं लागतं. ऑस्ट्रेलियातही २०१० पर्यंत नफ्यातूनच द्यायचा नियम होता, तो बदलून आता मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त हवी, देणं शेअरहोल्डरांच्या दृष्टीने योग्य हवं आणि देणेकऱ्यांना धक्का लागता कामा नये अशा अटी आहेत.

दुसरा महत्त्वाचा फरक. भारतात बोर्ड शिफारस करतं आणि एजीएम मंजूर करते, एजीएम रक्कम कमी करू शकते, वाढवू शकत नाही. कॅनडात डिव्हिडंड जाहीर करणं पूर्णपणे डायरेक्टरांच्या हातात, तुम्ही एजीएमला ठराव आणला तरी तो त्यांना बांधील नसतो. पण डायरेक्टर निवडणं तुमच्या हातात असतं.

आणि वृषालीताई, बँकेतल्या पैशात फ्लो-थ्रू शेअरचा पैसा आहे का ते बघा. तो असेल तर तो ठरावीक मुदतीत एक्स्प्लोरेशनवरच खर्च करावा लागतो, कारण त्या खर्चाची टॅक्स वजावट गुंतवणूकदारांना आधीच देऊन टाकलेली असते. तो पैसा वाटायच्या हिशेबात धरू नका, मॅनेजमेंटवर उगाच आरोप होईल.

वृषाली_सरे

दोघांचेही मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. बघितलं, कंपनी बीसीच्या कायद्याखाली आहे. फ्लो-थ्रूचा थोडा पैसा शिल्लक आहे पण विक्रीच्या रकमेपुढे तो किरकोळ आहे. पगार आणि ऑफिसचा खर्च विक्रीनंतर वाढलाय, आणि ड्रिलिंग यंदा जवळजवळ नाहीच. डायरेक्टरांकडे ऑप्शन्स (ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचे हक्क) भरपूर दिसतात.

आता पुढचा प्रश्न. मागायचं म्हटलं तर काय मागायचं, कॅश डिव्हिडंड, बायबॅक, की त्या मोठ्या कंपनीचे शेअर आम्हाला वाटून टाका म्हणायचं? आणि रॉयल्टीचं काय?

अपर्णा_मिसिसागा

वृषाली, मी टोरांटोत मायनिंग कंपन्यांच्या अकाउंटिंगमध्ये आहे, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. टॅक्सबद्दल लिहिते ते समजण्यापुरतं, प्रत्यक्ष करताना टॅक्सवाल्याला दाखवाच.

सगळ्यात आधी तारीख बघा, विक्री कधी क्लोज झाली ती. कॅनडात पब्लिक कंपनीने पेड-अप कॅपिटल (शेअरसाठी लोकांनी भरलेलं भांडवल) परत केलं तर साधारणपणे ते डिव्हिडंडच धरतात, पण एक अपवाद आहे. नेहमीच्या धंद्याबाहेरच्या एखाद्या व्यवहारातून, म्हणजे तुमच्या प्रोजेक्टच्या विक्रीसारख्या, आलेला पैसा जर २४ महिन्यांच्या आत परत केला तर तो रिटर्न ऑफ कॅपिटल म्हणून देता येऊ शकतो, आणि त्या विक्रीच्या पैशातून हे एकदाच करता येतं. म्हणजे हातात आल्याबरोबर टॅक्स नाही, तुमच्या शेअरची खरेदी किंमत तेवढ्याने कमी होते आणि पुढे विकाल तेव्हा कॅपिटल गेनमध्ये हिशेब. ज्यांनी महागात शेअर घेतलेत आणि तोट्यात बसलेत त्यांच्यासाठी हे डिव्हिडंडपेक्षा कितीतरी चांगलं. पण २४ महिने उलटले की हा मार्ग जातो. बोर्ड जेव्हा "आम्ही विचार करतोय, पुढच्या वर्षी बघू" म्हणतं तेव्हा त्या वाट बघण्याची खरी किंमत ही असते, आणि बहुतेक छोट्या शेअरहोल्डरांना ती माहीतच नसते, याचा मला खरंच राग येतो. (तुमचे शेअर टीएफएसएत, म्हणजे करमुक्त बचत खात्यात, असतील तर तुम्हाला वैयक्तिक फरक पडणार नाही, बाकीच्यांना पडेल.)

ऑप्शन्सचं तुम्ही बरोबर पकडलंत, त्यावर थोडं थांबूया कारण माझ्या मते सगळं इथेच आहे. ज्या दिवशी शेअर एक्स-डिव्हिडंड होतो, म्हणजे त्यानंतर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही, त्या दिवशी किंमत साधारण तेवढी खाली येते. शेअरवाल्याला पैसे हातात मिळाले म्हणून त्याचं नुकसान नाही. ऑप्शनवाल्याला डिव्हिडंड मिळत नाही आणि त्याच्या ऑप्शनची किंमत मात्र उतरते, कारण एक्सरसाइज प्राइस, म्हणजे शेअर घ्यायचा ठरलेला भाव, जिथल्या तिथे असते (काही प्लॅनमध्ये स्पेशल डिव्हिडंडसाठी ॲडजस्टमेंट असते, ते तपासा). त्यामुळे ज्या डायरेक्टरकडे स्वतः विकत घेतलेले शेअर नगण्य आणि ऑप्शन्स भरपूर, त्याला पैसा कंपनीतच राहिलेला बरा वाटणार, तो वाईट माणूस असायची गरज नाही. सर्क्युलरमध्ये (एजीएमच्या कागदांतलं माहितीपत्रक) प्रत्येक डायरेक्टरच्या नावापुढे किती शेअर आहेत ते दिलेलं असतं. ऑप्शन्सचा तक्ता वेगळा असतो. दोन्ही शेजारी ठेवा, कोण काय बोलणार हे मीटिंगच्या आधीच कळेल.

काय मागायचं? मोठ्या कंपनीचे शेअर आहेत ते थेट वाटून टाका हे मला सगळ्यात पटतं. छोट्या एक्स्प्लोरेशन कंपनीने दुसऱ्या खाण कंपनीचे शेअर सांभाळत बसायची काय गरज, ते आपण स्वतः सांभाळू किंवा विकू. बायबॅकबद्दल मी फारशी उत्साही नाही. व्हेंचरवर उलाढाल इतकी कमी असते की रक्कम खर्चच होत नाही, आणि पुढच्या वर्षी प्लेसमेंटमध्ये तेवढेच शेअर पुन्हा स्वस्तात काढले तर काय मिळवलं?

रॉयल्टी मात्र विकू देऊ नका घाईत. न्यूफाउंडलंडची अल्टियस मिनरल्स घ्या, तीही सुरुवातीला जमीन घेऊन प्रॉस्पेक्ट तयार करायचे आणि ड्रिलिंगचा खर्च पार्टनरवर टाकायचा अशीच छोटी कंपनी होती. लॅब्राडोरमधलं व्हॉइझीज बे, जिथे १९९३ मध्ये निकेल सापडलं, त्याच्यावरच्या ३ टक्के रॉयल्टीतला दहावा हिस्सा, म्हणजे ०.३ टक्के, त्यांनी मिळवला आणि पुढे रॉयल्ट्या जमवत गेले. आज ती नियमित डिव्हिडंड देते, कारण उत्पन्न खाणीतून येतं, शेअर विकून नाही. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत एवढं एक वाक्य येऊ शकतं, की रॉयल्टीचं उत्पन्न सुरू झालं की ऑफिसचा खर्च वजा जाता त्यातला अमुक भाग वाटला जाईल. खाण कधी होईल ते सांगता येत नाही, एलेओनोरचं वर लिहिलंच आहे, पण वाक्य आज लिहायला काहीच हरकत नाही.

नागपूरकर_काका

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. सरकारी एक्स्प्लोरेशनमध्ये आयुष्य गेलं, भंडारा-गोंदियापासून छत्तीसगडपर्यंत रिगवर उभा राहिलोय.

सगळे वाटा वाटा म्हणताहेत, पण शोधकामाला पैसा नेमका केव्हा लागतो ते बघा. बाजार पडलेला असतो तेव्हा. टीएसएक्स व्हेंचरचा इंडेक्स २०११ मध्ये वर होता आणि नंतर २०१६ च्या सुरुवातीपर्यंत घसरत राहिला, त्या काळात चांगले चांगले जिऑलॉजिस्ट घरी बसले आणि चांगले क्लेम्स लोकांनी सोडून दिले. ज्यांच्याकडे तेव्हा कॅश होती त्यांनी ते उचलले. कॅश वाटून टाकली आणि वर्षभरात पुन्हा पडत्या भावात प्लेसमेंट काढायची वेळ आली तर ते बियाण्याची ज्वारी दळून भाकरी खाण्यासारखंच झालं. शिवाय ज्या टीमने एक डिपॉझिट शोधलं ती टीम टिकवणं हे फार मोठं काम आहे, पैसे नाहीत म्हणून ती फुटली की पुन्हा जमत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

काही जण म्हणतील आमच्या नागपूरची एमईसीएल (शोधकाम करणारी सरकारी कंपनी) पण एक्स्प्लोरेशनच करते आणि सरकारला डिव्हिडंड देते. देते, पण ती दुसऱ्यांसाठी कंत्राटावर ड्रिलिंग करते, कामाचे पैसे मिळतात, खाली काही सापडो न सापडो. आणि सरकारी कंपन्यांना डिव्हिडंडचा नियमच आहे, नफ्याच्या ३० टक्के किंवा नेटवर्थच्या ४ टक्के यातलं जे जास्त असेल ते किमान द्यायचं (आधी ५ टक्के होतं, २०२४ मध्ये बदललं). स्वतःच्या जोखमीवर शोधणाऱ्या कंपनीशी ही तुलना लागू पडत नाही.

बाकी हा विषय आता फक्त कॅनडाचा राहिलेला नाही. खाण कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने आपल्याकडे एक्स्प्लोरेशन लायसन्स आलं, लिथियम, सोनं, तांबं, हिरे अशी २९ खनिजं, आणि शोधणाऱ्याला पुढे खाणीचा लिलाव झाला की लीजधारकाकडून ऑक्शन प्रीमियमचा (लिलावात बोललेल्या रकमेचा) हिस्सा मिळणार. म्हणजे रॉयल्टीसारखंच. उद्या आपल्या पोरांच्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या तर त्यांनाही हेच ठरवावं लागेल.

ड्रिलकोअर_पर्थ

काका, तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि टीम फुटण्याबद्दल तर मी शब्द न् शब्द मान्य करतो. पण वृषालीताईंनी लिहिलंय ते बघा, पगार वाढलेत आणि ड्रिलिंग जवळजवळ नाही. तुम्ही ज्या कंपनीची बाजू घेताय ती ही नाही. टीम ठेवायची असेल तर टीमला काम हवं. पैसा ठेवायचाय तर कुठल्या टार्गेटवर, किती मीटर, किती खर्च, आणि कुठला रिझल्ट आला नाही तर थांबायचं, हे बोर्डाने लिहून द्यावं. ते दिलं तर मी स्वतः म्हणेन ठेवा पैसा. नुसतं "नव्या संधी शोधतोय" एवढ्यावर नाही.

माझा साधा हिशेब, दोन वर्षांचं ठरलेलं काम आणि काटकसरीचा ऑफिस खर्च बाजूला काढा, पडत्या बाजारात हात मारायला थोडं जास्त ठेवा, काकांच्या मताला मान देऊन. त्याच्या वरचं सगळं शेअरहोल्डरांचं.

नागपूरकर_काका

असं असेल तर माझी हरकत नाही. रिग उभी नसताना पगार वाढवणं मला कुठल्याच देशात पटणार नाही. ताई, त्यांच्या मुख्य जिऑलॉजिस्टकडे किती शेअर आहेत तेही बघा. तो स्वतः राहिला आणि पैसे घालतोय तर मी ती कंपनी लगेच सोडणार नाही.

पुणेरी_सीए

वृषालीताई, प्रॅक्टिकल सांगतो. बीसीच्या कायद्यात ५ टक्के मतं जमली तर स्पेशल मीटिंग बोलवायची मागणी करता येते. प्रपोजल द्यायला १ टक्का शेअर किंवा २००० डॉलरच्या वरचे शेअर पुरतात, पण त्याला मुदत असते आणि यंदाचे कागद आलेत म्हणजे ती गेली असणार, पुढच्या वर्षाचं आत्ताच कॅलेंडरला टाका. यंदा प्रश्न लेखी पाठवा, सेक्रेटरीला ईमेल, आणि मीटिंगमध्ये उभं राहून तोच विचारा. अपर्णाताईंनी सांगितलेली २४ महिन्यांची मुदत प्रश्नात तारखेसकट घाला. "बोर्डाने रिटर्न ऑफ कॅपिटलचा विचार केला का, टॅक्स ओपिनियन घेतलं का, आणि नसेल तर का नाही." असा प्रश्न आला की गुळमुळीत उत्तर द्यायला अवघड जातं. तेच प्रश्न मोठ्या शेअरहोल्डरांनाही पाठवा, सर्क्युलरमध्ये १० टक्क्यांवरचे होल्डर दिलेले असतात, त्यांनाही पैसे हवेच असतात.

वृषाली_सरे

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून तक्ते शेजारी ठेवले. सीईओकडे स्वतःचे शेअर अगदी थोडे आहेत, ऑप्शन्सच जास्त. मुख्य जिऑलॉजिस्टकडे मात्र बऱ्यापैकी शेअर आहेत, काका, आणि मागच्या प्लेसमेंटमध्येही त्यांनी घेतले होते. विक्री क्लोज होऊन अजून २४ महिने झालेले नाहीत, वेळ आहे.

मी तीन गोष्टी लेखी मागतेय. विक्रीत मिळालेले शेअर वाटणार का, रिटर्न ऑफ कॅपिटलचा विचार मुदतीच्या आत करणार का, आणि रॉयल्टीचं उत्पन्न आलं तर त्याची पॉलिसी काय. सोबत ड्रिलकोअर म्हणाले तसा पुढच्या दोन वर्षांच्या कामाचा खर्च मीटरसकट मागतेय. सासऱ्यांना धागा वाचून दाखवला, त्यांनी डिव्हिडंडचा हट्ट सोडला पण म्हणाले उत्तर लेखीच घे. एक शेवटचं, माझे शेअर ब्रोकरकडे आहेत, माझ्या नावावर नाहीत, तर मी मीटिंगला बोलू शकते का?

अपर्णा_मिसिसागा

हो, पण आपोआप नाही. ब्रोकरकडून जो व्होटिंग इन्स्ट्रक्शन फॉर्म आलाय त्यात प्रॉक्सी (त्या शेअरचं मत द्यायला नेमलेली व्यक्ती) म्हणून स्वतःचं नाव लिहून पाठवा, तरच तुम्हाला स्वतः हजर राहून मत देता येईल आणि हक्काने बोलता येईल. ब्रोकरची कटऑफ कंपनीच्या मुदतीच्याही आधी असते, त्यामुळे आजच करा. आणि सीईओच्या नावापुढे "विथहोल्ड" करायचं (म्हणजे निवडीला मत न देणं) की नाही ते तुमच्या लेखी प्रश्नांचं उत्तर काय येतं ते बघून ठरवायचं असेल तर मत आत्ता फॉर्मवर टाकू नका, मीटिंगमध्येच द्या.